सुतार बघता येतो

मी शीळ घातली. पलीकडून उत्तर आलं नाही.

ठरलं होतं ते असं. नर घरट्यात शिरला की मी एक लांब शीळ घालायची आणि व्हाळापलीकडून शकूआत्याने तशीच परत घालायची, म्हणजे तिला कळलं हे मला कळेल. काही धोका दिसला तर दोन आखूड शिळा. एवढंच. मी पुन्हा एकदा घातली. व्हाळाच्या पाण्याचा आवाज, कुठेतरी रानकोंबडा, बस्स. मग मी दुर्बीण घरट्यावरून काढून तिच्यावर लावली. आत्या तिच्या घडीच्या स्टुलावर बसली होती, मान वर, दुर्बीण डोळ्यांना. मजेत होती.

परत येताना मी तिच्यासमोर येऊन विचारलं, “शीळ ऐकली नाहीस?”

“ऐकली की,” ती मला ओलांडून पुढे जात म्हणाली. “पण मादी बाहेरच बसली होती खोडावर. उगाच बुजेल म्हणून गप्प राहिले.”

पटण्यासारखं होतं. पण त्याआधीही असंच झालं होतं, आणि तेव्हाही तिच्याकडे असंच पटण्यासारखं कारण होतं.

ही गोष्ट माझ्या एमएस्सीनंतरच्या उन्हाळ्यातली. नोकरी लागायची होती. शकूआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती आणि तिलारीच्या खोऱ्यात सुतार पक्ष्यांच्या मागे लागली होती. साधा सुतार नव्हे. कावळ्याएवढा मोठा, काळा, पांढऱ्या पोटाचा, डोक्यावर लालभडक तुरा असलेला. त्याच्या एका जोडीने वाळलेल्या ऐनाच्या झाडात घर केलं होतं आणि आत दोन पिल्लं होती. या पक्ष्यांची एक गंमत आहे. नवरा-बायको रात्री एकत्र झोपत नाहीत. नर घरट्यात पिल्लांपाशी झोपतो आणि मादी आपल्या वेगळ्या झाडातल्या वेगळ्या ढोलीत. आमच्या मादीची ढोली व्हाळापलीकडच्या एका मेलेल्या किंजळीच्या झाडात होती. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही दोघी दोन काठांवर. मी नराकडे, आत्या मादीकडे.

मला आत्यानेच बोलावलं होतं. पण निघताना बाबांनी मला बाजूला घेतलं होतं.

“ऋजू, तिच्यावर जरा लक्ष ठेव. फोनवर भलतीच उत्तरं देते. मी विचारतो जेवलीस का, तर ती सांगते परवा पाऊस झाला. दारावरची बेल वाजवून शेजारीण परत जाते. तिला काय झालंय ते तू बघ आणि मला खरं सांग. जंगलात एकटी फिरण्याचं वय नाही तिचं. तू हो म्हणालीस की मी गाडी घेऊन येतो आणि तिला पुण्याला आणतो.”

म्हणजे मी नुसती सुतार बघायला गेले नव्हते. हे आत्याला माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

आम्ही सगुण गवसांकडे राहत होतो. त्यांचं घर वाडीच्या टोकाला, मागे केळी आणि सुपारी, त्यामागे लगेच रान. फोनला रेंज फक्त त्यांच्या खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, कोपऱ्यात, तुळशीवृंदावनाला पाठ लावून उभं राहिलं तर. तिथून बाबांशी बोलताना मी दर वेळी टाळाटाळ करायचे. “बरी आहे. खूप चालते. पिल्लं मोठी झालीत.” बाबा पिल्लांबद्दल ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “ते ठीक आहे. तिचं सांग.”

तिचं काय सांगू? ती माझ्याआधी चढ चढायची. पानाआड बसलेल्या घुबडाचा डोळा तिला लांबूनच दिसायचा. पण सगुणदादांच्या बायकोने मागून हाक मारली की ती वळायची नाही, आणि समोरून मारली की लगेच हसून “ओ” द्यायची. मी मनाशी म्हणायचे, विचारात असते.

आणि एका संध्याकाळी नर आला नाही.

अंधारून येईपर्यंत मी मान वर करून बसले होते. पिल्लं भोकातून डोकी काढून ओरडत होती, मग दमून आत गेली. बाप आलाच नाही. मी धावत आत्याकडे गेले. तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

“नर?”

“आला नाही.”

ती स्टूल आवरता आवरता थांबली. रात्री भोकाच्या तोंडाशी बापाची ती खिळ्यासारखी चोच असते, म्हणून साप आणि कांडेचोर, म्हणजे उदमांजरं, आत यायला धजत नाहीत. ती नसेल तर पिल्लं उघडी.

“मादी इथे किंजळीतच झोपलीय,” ती म्हणाली. “तिला अजून कळलं नसेल. उद्या तिला कळेल. उद्या ती कुठे झोपते ते बघायला हवं, ऋजू. बाप नसला तर आई घरट्यात जाते की आपल्याच ढोलीत, हे मी कधी पाहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणदादांच्या परसात केळींचा चिखल झाला होता. बुंधे उभे चिरलेले, मधला गाभा खाल्लेला. मऊ मातीत परातीएवढी पावलं.

“एकलो टस्कर,” सगुणदादा म्हणाले. “कळपातलो न्हय. एकलो वाईट. बाई, आज सांजेक वर जाव नकात.”

आत्या त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. “गेलाय कुठे तो?”

“कोणाक ठावक? व्हाळाच्या अंगान वर गेलो असात.”

“लवकर परत येऊ,” आत्या म्हणाली.

सगुणदादांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. “आयक गो चेडवा. हत्ती लांब दिसलो तर बोंब मारा, तो वाट बदलता. जवळ आसलो तर मात्र गप रवा. आवाज आयकून बिथरलो तर समोर येयत त्येका तुडयता.”

दिवसभर मी तिला नको म्हणत होते. ती ऐकेना. दुपारी मी तुळशीपाशी जाऊन फोन हातात धरून उभी राहिले. बाबांना ‘या’ म्हणायचं, बस. नंबर लावला आणि एकदा वाजताच बंद केला. तिला इथून नेलं तर ती काय करेल पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत? मी ठरवलं, आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगू.

ऊन कलायच्या आधी आम्ही निघालो. वाटेत व्हाळाच्या वाळूत पावलं दिसली, पण ती खाली, धरणाकडे गेली होती. आत्याने त्यांत बोट घालून बघितलं. “कडा ढासळल्यात. सकाळची आहेत. गेला तो.” ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. ती व्हाळ ओलांडून किंजळीकडे गेली, मी ऐनाखाली माझ्या जागेवर.

माझी जागा उंचावर होती. पलीकडचा उतार आरशासारखा समोर. मध्ये व्हाळ, त्याच्या वर उतारावर आत्याचं स्टूल, तिच्यामागे किंजळ, किंजळीमागे बांबू आणि भेरली माडांची गर्दी. पिल्लं ओरडत होती. मादी एकदा चारा देऊन गेली. नराचा पत्ता नव्हता.

सूर्य डोंगराआड गेला तसा पलीकडून आवाज आला. सुक्या बांबूचं पेर फुटतं तसा, पण मोठा. मग कोणीतरी ओलं लाकूड पिळून फाडावं तसा लांबलचक आवाज. मी दुर्बीण लावली. माडाचा शेंडा हलत होता. बाकी झाडं स्थिर, वारा नाही, आणि तो एकच शेंडा गदगद हलत होता. मग तो खाली गेला, दिसेनासा झाला, आणि त्या जागी राखाडी पाठ दिसली.

तो माड आत्याच्या मागे होता. फार मागे नव्हता.

मी दुर्बीण तिच्यावर आणली. ती तशीच बसलेली. मान वर, डोळे ढोलीवर. मला वाटलं, तिला कळलंय, म्हणूनच हलत नाहीये. पण तिचा खांदा सैल होता. एका हाताने तिने मानेवरची माशी हाकलली. ज्याच्या पाठीमागे हत्ती माड फोडतोय तो माणूस अशी माशी हाकलत नाही.

मी दोन आखूड शिळा घातल्या. माझ्याच कानाला कर्कश वाटल्या. माडापाशी आवाज थांबला. हत्तीने ऐकलं होतं. आत्याने नाही.

त्या क्षणी मला सगळं कळलं. आधीच्या शिळा, शेजारणीची बेल, सगुणदादांच्या तोंडाकडे तिचं ते एकटक बघणं, सगळं एकदम. आणि कळून काही उपयोग नव्हता.

बोंब मारू? हत्ती जवळ होता. माझ्यापासून लांब, पण तिच्याजवळ. मी ओरडले तर बिचकेल तो आणि सुटेल. उतार तिच्याकडेच होता. मी उठून उभी राहिले, ओढणी काढून दोन्ही हातांनी हलवायला लागले. ती वर बघत होती. मी हलवत राहिले. माझ्या तोंडातून “आत्या, बघ, आत्या, बघ” असं येत होतं, अगदी हळू, जणू ती शेजारीच बसलीय.

हत्ती बांबूतून अर्धा बाहेर आला. सुळे दिसले. सोंड वर करून त्याने हवा हुंगली.

मी उतारावरून खाली धावायला सुरुवात केली आणि दोन पावलांवर थांबले. खाली गेले असते तर मला ती दिसली नसती आणि तिला मी. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून काळी सावली गेली. मादी. व्हाळ ओलांडून थेट किंजळीवर जाऊन ती खोडाला चिकटली.

रोज ती भोकापाशी जायची, एकदा आत डोकावायची आणि सुळकन शिरायची. त्या दिवशी ती डोकावली आणि मागे सरली. पुन्हा डोकावली नाही. खोडाभोवती फिरून पलीकडच्या अंगाला गेली, तुरा फिसकारला, मान ताणून खाली मागच्या बाजूला बघायला लागली. मग परत अलीकडे आली, परत तिकडे गेली. बघत होती ती सतत एकाच दिशेला.

आत्याने दुर्बीण हळूच खाली केली. काही क्षण ती नुसत्या डोळ्यांनी मादीकडे बघत राहिली. मग मादी जिकडे बघत होती तिकडे तिने मान वळवली. अगदी सावकाश, लाकडाची असल्यासारखी.

ती किंचाळली नाही. पळाली नाही. बसल्या जागेवरून कमरेत वाकून घसरत खाली उतरली, किंजळीचं खोड स्वतःच्या आणि त्याच्या मध्ये ठेवून. हत्ती दोन पावलं पुढे आला. ती थांबली. तो थांबला. मग ती दगडाआड गेली, तिथून व्हाळाच्या काठावरून गवतात, आणि मला तिची फक्त टोपी दिसायला लागली, खाली सरकणारी. हत्ती स्टुलापाशी पोचला. सोंडेने त्याने ते उचललं, फिरवलं आणि पायाखाली घेतलं. त्या कडकडाटाने मादी उडाली.

व्हाळात मला आत्या सापडली तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी होती. मी तिचा हात धरला. बर्फासारखा होता. आम्ही दोघी पाण्यातूनच खाली खाली गेलो, वाडीचा दिवा दिसेपर्यंत.

तिथे मी थांबले. “आत्या, मी शिळा घातल्या. तो माड फोडत होता तुझ्या मागे. मला व्हाळापलीकडून ऐकू येत होतं. कधीपासून चाललंय हे?”

ती माझ्याकडे बघत होती. डोळे बारीक करून, मान पुढे काढून. मग म्हणाली, “दिव्यापाशी चल, ऋजू. इथे मला तुझं तोंड दिसत नाहीये.”

सगुणदादांच्या पडवीत बल्बखाली बसलो. त्यांच्या बायकोने गरम पेज आणून ठेवली आणि आमचे चेहरे बघून आत निघून गेली. आत्याने पेजेला हात लावला नाही.

“मादी कुठे गेली?” तिने पहिलं हेच विचारलं.

“मी बघितलं नाही.”

“का? तुझ्याच अंगावरून गेली असणार.”

“मी तुझ्याकडे बघत होते.”

बल्बभोवती किडे फिरत होते. त्यांच्याकडे बघत ती बोलायला लागली.

“आधी बारीक आवाज गेले. आंबोलीला शिंजीर समोर बसलेला, चोच उघडतोय, मिटतोय, गळा थरथरतोय. आवाज नाही. मला वाटलं तोच मुका आहे.” ती किंचित हसली. “माझं सगळं आयुष्य आवाजांवर गेलं गं. पोरांना डोळे मिटायला लावायचे मी जंगलात. आणि आता माझ्यापुढे पक्षी नुसती तोंडं हलवायला लागले. मग मी सुतार घेतले. सुतार बघता येतो. कुठे झोपतो, किती वाजता शिरतो, कोण कोणाला चारा देतो. त्याला कान लागत नाहीत. ठोका तरी ऐकू यायचा अजून. यंदा तोही गेला.”

तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी म्हटलं, “सांगायचं होतंस मला.”

“तू दादाला सांगितलं असतंस.” तिची नजर माझ्यावरच होती. “त्याने तुला कशाला पाठवलंय ते काय मला कळत नाही?”

मला राग आला. इतका की मी मोठ्याने बोलायला लागले, आणि मोठ्याने बोलून काही फरक पडत नाही हे लक्षात येऊन आणखी चिडले. “मेली असतीस तू! आज त्या पाखराने बघितलं नसतं तर मेली असतीस! मी वरून बघत बसले असते!”

“हो,” ती म्हणाली. “मेले असते.”

आणि मग तिने माझं डोकं जवळ ओढलं. मी लहान मुलीसारखी रडले.

पहाटे सगुणदादांनी खबर आणली की टस्कर धरणाच्या पलीकडे गेलाय, लोकांनी पाहिलाय. आम्ही दोघी गेलो. या वेळी एकाच झाडाखाली बसलो, खांद्याला खांदा लावून. पिल्लं जगली आहेत की नाहीत तेच बघायचं होतं. अंधुक असताना वर काहीच हालचाल नव्हती. भोक म्हणजे नुसता काळा डाग. मी कान लावून बसले. मग आतून खरवडल्यासारखा आवाज आला. मी तिच्या दंडाला बोट लावलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिने डोळे मिटले आणि उघडले.

पहिलं डोकं बाहेर आलं, मग दुसरं. दोन्ही पिल्लांची. नर नाही, मादी नाही. रात्रभर ती दोघंच होती आत. थोड्या वेळाने मादी आली, पण किंजळीच्या बाजूने नव्हे, वरच्या अंगाने, जिथे आम्ही कधी पाऊलही टाकलं नव्हतं. ती रात्री कुठे झोपली ते शेवटपर्यंत कळलं नाही. नराचंही काय झालं ते कळलं नाही.

पुढे आत्याच्या कानाला यंत्र आलं, ते तिला आवडलं नाही, मग दुसरं आलं. त्यानंतरचे बरेच हंगाम तिने त्या खोऱ्यात काढले. एकटीने नाही. मी असायचे, मी नसले की कुणीतरी दुसरं असायचं. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्ही रानातून परत आलो तेव्हा माझा फोन तुळशीपाशी वाजत होता. रेंजमध्ये राहावा म्हणून मी तो तिथेच ठेवून गेले होते.

“काल मिस्ड कॉल होता तुझा,” बाबा म्हणाले. “काय झालं? बरी आहे ना ती? ऐकू येतंय ना तिला? ऋजू, खरं सांग.”

आत्या समोर उभी होती, माझ्या ओठांकडे बघत. ओठ हलले नव्हते, तरी तिला कळलं काय विचारलंय ते. तिने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने तो कानाला लावलाच नाही. आरशासारखा समोर धरला आणि शाळेत धडा म्हणावा तशी स्पष्ट बोलायला लागली.

“दादा, मी शकू. तू काय म्हणतोयस ते मला ऐकू येत नाही, तेव्हा मध्ये बोलू नकोस. मला गेली काही वर्षं कमी ऐकू येतंय. आता जवळजवळ नाहीच. तुला सांगितलं नाही, चुकलं. काल माझ्या मागे हत्ती आला होता आणि मला कळलं नाही. मी जिवंत आहे. यापुढे जंगलात एकटी बसणार नाही, हे तुला आणि ऋजूला सांगून ठेवते. पण पिल्लं उडेपर्यंत मी इथून हलणार नाही. गाडी घेऊन आलास तर जेवून परत जा. आता तू बोल. ऋजू ऐकेल.”

तिने फोन माझ्या हातात दिला.

तिकडून बाबांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“काय म्हणतोय?” आत्याने विचारलं. ती एका हाताने वृंदावनाची कड घट्ट धरून उभी होती.

मी तिच्याकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा सुटा म्हटला.

“विचारतायत, कधी उडणार पिल्लं.”